थोडं अजून शाबजी

डबिंगमध्ये अभिनयाआधी ओठ बघावे लागतात. प, ब, म आला की ओठ मिटतात, तिथे हिंदीतही तसाच ओठ मिटणारा शब्द बसवायचा. बाकी बीप, लूप, पंच आणि चहा.

त्या दिवशी हिंदीत करायला आला होता नऊ मिनिटांचा एक अमेरिकन विडंबनाचा तुकडा. कोरियन वंशाचा नट ऑडिशनला येतो, चारचौघांसारखं अमेरिकन इंग्रजी बोलतो. दिग्दर्शक म्हणतो, छान, आता जरा अस्सल कर. हा तोडकंमोडकं बोलतो. दिग्दर्शक म्हणतो, अजून! नट दारातून आत आला की दर वेळी गाँग, म्हणजे टोले द्यायची मोठी धातूची थाळी, वाजते आणि तो वैतागून इकडेतिकडे बघतो. शेवटी कपाट उघडतो, तर आत एक माणूस गाँग आणि हातोडा घेऊन उभा.

गाँगनं माझा जीव खाल्ला. 1984च्या ‘सिक्स्टीन कँडल्स’ या अमेरिकन सिनेमात लाँग डक डाँग नावाचा आशियाई विद्यार्थी पडद्यावर आला की ती वाजते. तिकडच्या आशियाई पोरांना ते नाव शाळेत चिडवायला वापरलं गेलं, त्यामुळे तिकडच्या प्रेक्षकाला विनोद एका टोल्यात कळतो. आपल्या माणसाला वाटणार, आरती सुरू झाली. बरं, गाँग ‘एम अँड ई’वर, म्हणजे संगीत-इफेक्ट्सच्या ट्रॅकवर. तिला हात लावायची सोय नाही. मग दिसलं की कपाट उघडताना नट पाठमोरा आहे. पाठमोरा नट म्हणजे डबिंगवाल्याला लॉटरी, तोंडात काहीही घाला! मी लिहिलं : ‘अच्छा, तो 1984 से तू बजा रहा है!’ सिनेमा नाही कळला तरी हे दुखणं जुनं आहे एवढं पोचेल. ही ओळ मला अजून आवडते.

आवाजाला बोलावलं एका पोराला. घर मूळचं कालिंपाँगकडचं, वाढला डोंबिवलीत, मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. खर्ज असा की कुठल्याही हॉलिवूड हिरोला शोभेल. पण त्याला फोन जातो तो फक्त ‘शाबजी’साठी : गुरखा, चिनी गुंड, मोमोवाला. मला हे कळायला हवं होतं, कारण मी स्वतः सात वर्षं हवालदारच बोललो. मराठी गळा दिसला की हिंदीवाले त्याच्या हातात दंडुका देतात.

क्लायंटची बाई व्हिडिओ कॉलवर होती. तिनं फतवा काढला, सगळीकडेच फनी ॲक्सेंट ठेवा. मी समजावलं, अहो, तो आधी सरळ बोलतो म्हणून तर नंतरचं विडंबन आहे. सगळंच वाकडं केलं तर 1961चा मिकी रूनी होईल, ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’मध्ये नकली दात लावून जपानी शेजारी झालेला गोरा नट. ‘सिम्पसन्स’ या अमेरिकन कार्टूनमधल्या अपू या भारतीय दुकानदाराचंही सांगितलं : गळा गोऱ्या हँक अझारियाचा, टोन आपला, आणि 2020मध्ये त्यानं स्वतःच ते काम सोडलं. बाई म्हणाल्या, ‘पण टार्गेट ऑडियन्सला मजा आली पाहिजे ना.’ ज्यांनी ‘ऑडियन्स’ कधी थिएटरात बसून पाहिला नाही, त्यांनाच तो इतका पाठ असतो.

ठरलं, दोन्ही व्हर्जन करू. साधं त्यानं एका दमात संपवलं. मग दुसरं. तो बोलला, बाई म्हणाल्या, अजून. मी टॉकबॅकचं, म्हणजे काचेपलीकडच्या नटाशी बोलायचं, बटण दाबून म्हणालो, ‘थोडं अजून शाबजी कर ना.’

मॉनिटरवर त्या तुकड्याचा लूप सुरूच होता. त्यातल्या दिग्दर्शकाचा हात हवेत : अजून!

पोरानं हेडफोन एका कानावरून सरकवला, काचेतून माझ्याकडे बघितलं, मग मॉनिटरकडे. काही बोलला नाही. पुढचा टेक असा काही दिला की रेकॉर्डिस्ट खुर्चीतून घसरला. बाई हसल्या. मीही हसलो, पोट धरून. तो त्या दिग्दर्शकाला वेडावत होता, की मला, की नुसतं काम संपवत होता? तो टेक मी नंतर कितीदा तरी ऐकलाय. ओठ अचूक बसलेत. बाकी काही हाती लागत नाही.

चहाला म्हटलं, ‘सॉरी रे, तोंडातून निघून गेलं.’

‘दादा, सॉरी राहू दे. दोन कॅरेक्टर झाली ना? बिल दोघांचं लावतो.’

लावलं. मी सही केली. अकाउंटवाल्यानं एकाचं कापलं, नट एकच आहे म्हणून. त्यासाठी दोन आठवडे भांडून मी ते मिळवलं. त्या भांडणात मला जरा जास्तच जोर आला होता.

क्लायंटनं वाकडं व्हर्जन घेतलं. माझी 1984ची ओळही त्यात शाबजीतच आहे, ‘तू बजा रा है’. त्याच्या मागोमाग गाँग मात्र बरोबर जागेवर पडते.