गादी कुठं घालायची?

मी आणि माझा जोडीदार पुण्यात वारज्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकत्र राहतो. दोघांचीही तिशी उलटलीय, लग्न केलेलं नाही, आणि ते लपवतही नाही. पुण्यात हा विषय मिटलाय. एका सोसायटीनं तोंडावर नाही म्हटलं, एका एजंटनं ‘मॅडम, बहीण-भाऊ सांगू का?’ असा तोडगा काढला, पण शेवटी करारावर दोघांची नावं पडली, पोलिसांकडे भाडेकरू म्हणून नोंदही झाली. घरमालकीणबाईंना भाडं वेळेवर मिळण्याशी मतलब.

अडायचं ते कराडला. आमचं घर सोमवार पेठेत, जुनं. खाली एकामागे एक तीन खोल्या, मधल्या खोलीत देवघर, आणि वर माडीवर एक खोली. घरात आई, बाबा आणि आत्या. रात्रीची जेवणं आवरली, ओटा पुसून झाला, की आई मोघम विचारायची, “मग, गाद्या घालू?” कुठं, ते कुणीच बोलायचं नाही.

सुरुवातीला तो ‘मित्र’ म्हणून यायचा. बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर झोपायचा आणि मी मधल्या खोलीत आई-आत्याबरोबर. आईला तो काकू म्हणतो, बाबांना काका. आई शेजारी त्याची ओळख ‘हिच्या ऑफिसातले’ अशी करून द्यायची. त्याचं नि माझं ऑफिस एक नाही, क्षेत्रसुद्धा एक नाही, पण तेवढ्यानं शेजाऱ्यांचं भागत होतं. बाबांना सगळं कळलेलं होतं असं मला आजही वाटतं. आमच्या घरात न बोललेल्या गोष्टी फार व्यवस्थित चालतात.

आम्ही एकाच घरात राहतो हे मी आईला फोनवर सांगितलं. मुद्दाम दुपारी, आत्या झोपलेली असताना. जात विचारेल, लग्नाचं विचारेल, रडेल, अशी सगळी तयारी करून बसले होते. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मग इथं आल्यावर कुठं झोपणार?”

मी म्हटलं, माडीवर.

“भांड्याच्या मावशी साडेसहाला येतात. तुम्ही दोघं माडीवरनं उतरताना दिसलात तर त्यांना काय सांगू मी?”

व्यक्तिस्वातंत्र्य, सज्ञान माणसं, काळ बदलला, असं बरंच मी बोलायचं ठरवलं होतं. त्यातलं एक वाक्य कामाला येईना. आईला माझ्या आयुष्यावर निकाल द्यायचाच नव्हता. तिला मावशींना देण्यापुरतं एक उत्तर हवं होतं, आणि ते माझ्याकडे नव्हतं. तिथून पुढं मी आईला पटवायचा नाद सोडला आणि तिला चारचौघांत काय बोलता येईल ते शोधायला लागले. ज्यांच्या घरी हेच चाललंय त्यांना मी एवढंच सांगेन, की तुमचे मुद्दे बाजूला ठेवा आणि आईला कोणाकोणाच्या तोंडाला तोंड द्यायचंय त्याची आधी यादी करा. आमच्याकडे त्यात मावशी, समोरच्या काकू आणि मामा होते. मामांचं नाव निघालं की आई आवाज खाली आणायची.

बाबांची तऱ्हा वेगळी. ते तहसील कचेरीतून निवृत्त झालेत. त्यांचा एकच प्रश्न, “हे कायद्यात बसतं का?” मी त्यांना सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा, अभिनेत्री खुशबूच्या प्रकरणातला निकाल पाठवला. सज्ञान माणसांनी लग्नाशिवाय एकत्र राहणं हा गुन्हा नाही, हे त्यात स्पष्ट आहे. शिवाय 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लग्नासारख्या नात्यातल्या बाईलाही संरक्षण आहे, हेही कळवलं. बाबांनी प्रिंट काढून आणली, पेनानं खुणा केल्या आणि फायलीत लावली. नंतर 2025 च्या जानेवारीत उत्तराखंडात समान नागरी कायदा लागू झाला आणि तिथं अशा जोडप्यांना महिन्याभरात नोंदणी करणं बंधनकारक झालं, तेव्हा पेपर वाचून सकाळी सकाळी त्यांचा फोन. “आपल्याकडं आहे का हे?” नाही म्हटलं. “तिथं म्हणे एकवीसच्या खाली असतील तर आईबापाला कळवतात. तुम्ही त्यात बसत नाही.” आणि एकटेच हसले. माझ्या राहण्यावर बाबांनी केलेला तो पहिला विनोद.

त्याच सुमारास विशेष विवाह कायद्याची माहितीही त्यांनी आपणहून काढली. 1954 चा कायदा, दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात 30 दिवसांचा रहिवास, मग नोटीस, नोटिशीनंतर 30 दिवस थांबायचं, तीन साक्षीदार. सगळं एका कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून माझ्या पर्समध्ये ठेवलं. आग्रह नाही, पण कागद आहे. तो अजून माझ्याकडे आहे, आणि आमचं अजून ठरलेलं नाही.

मामांच्या मुलीच्या लग्नाला कराडात पाहुण्यांची गर्दी होती, म्हणून आम्ही दोघं कोल्हापूर नाक्याजवळ एका लॉजवर उतरलो. काउंटरवरच्या पोरानं दोघांची आधार कार्डं घेतली, आडनावं वेगळी बघून एकदा वर पाहिलं आणि किल्ली दिली. अविवाहित जोडप्याला खोली देऊ नये असा कायदा नाही, पण 2015 मध्ये मुंबईत मढ-आक्सा भागातल्या हॉटेलांतून पोलिसांनी जोडप्यांना उचललं होतं ते लक्षात असल्यामुळं मला रात्रभर जिन्यावरच्या प्रत्येक पावलाला जाग येत होती. तो मात्र घोरत होता.

सकाळी आईला कळलं. ती माझ्यावर यापूर्वी इतकी चिडल्याचं मला आठवत नाही. “गावात आईबापाचं घर असताना पोरगी लॉजवर उतरली! आता हे कोणाला काय सांगू?” म्हणजे माडी एकवेळ चालेल, लॉज नाही. मी लगेच म्हटलं, मग पुढच्या वेळी माडी? ती “बघू” म्हणाली. आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे अर्धा होकार.

मधे कोकणाचं सांगायला हवं. त्याचं घर देवरुखजवळच्या एका वाडीत आहे. तिथल्या गणपतीला मी पहिल्यांदा गेले तेव्हा हीच धाकधूक होती. पण तिथं मुंबईहून आलेली दीर-जावा-पोरं धरून इतकी माणसं, की बायका सगळ्या माजघरात आणि पुरुष ओटीवर नि पडवीत. वीस वर्षं संसार केलेली जोडपीसुद्धा एकमेकांना थेट सकाळच्या चहाला भेटत होती. माझी चटई त्याच्या चुलतबहिणी आणि एका आजीच्या मध्ये पडली. आजी रात्री दोनदा मला हलवून “झोपलीस काय गो?” विचारून गेली. खोली नवराबायकोची, ही कल्पना त्या घरात गणपतीपुरती तरी कोणाच्याच वाट्याला नव्हती, म्हणून मीही कोणाच्या डोळ्यावर आले नाही. एका काकूंनी तेवढं विचारलं, गौरीला ओवसा, म्हणजे सुपातलं वाण, कधी भरणार म्हणून. नव्या सुनेचा पहिला ओवसा हे तिकडं मोठं प्रकरण. त्याची आई नारळ खवत होती, ती मान वर न करता म्हणाली, “ती पाहुणी आली आहे. तुझं वाटप वाटून झालं का?” तिला मी काहीच शिकवलं नव्हतं. उत्तर तिच्याकडे तयार होतं.

कराडचं घोडं पुढं सरकलं ते बाबांच्या मोतीबिंदूमुळं. ऑपरेशन पुण्यात केलं आणि आई-बाबा आमच्याकडे राहायला आले. वन बीएचके. बेडरूम त्यांना दिली, त्यात चर्चेला जागाच नव्हती. मग उरला हॉल. संध्याकाळभर माझ्या डोक्यात चाललेलं, की दोन गाद्या लांब लांब घालायच्या, की तो मित्राकडं झोपायला जाईल? तो म्हणाला, घर आपलं आहे, आपण रोज जसे राहतो तसे राहू. कॉटखालची डबल गादी काढली आणि हॉलमध्ये अंथरली. आईनं बेडरूमच्या दारातून पाहिलं आणि आतून एक जादा चादर आणून दिली. “फरशी गार लागते,” एवढंच.

ती पाचला उठते. स्वयंपाकघरात जायला आमच्या गादीला वळसा घालूनच जावं लागायचं. पहिल्या सकाळी मी जागी होते आणि डोळे मिटून पडले होते. ती बांगड्या वर सारून भिंतीकडून गेली, चहाचं आधण ठेवलं आणि मग चक्क त्यालाच हाक मारली, “अरे, तुमच्यात साखरेचा डबा कुठं ठेवता?” तो डोळे चोळत उठला. त्या मुक्कामात बाबांच्या डोळ्यांत औषध घालायचं काम त्याच्याकडं होतं, घड्याळ लावून. बाबा मान मागं टाकून, तोंड उघडं ठेवून बसायचे आणि “दोन थेंब, तीन नको” असं प्रत्येक वेळी बजावायचे.

त्यानंतर कराडला गेलो तेव्हा आईनं काही न विचारता माडीवर अंथरुणं घातली होती. दोन वेगळ्या गाद्या, मध्ये वीतभर अंतर. अटीही सांगितल्या: सकाळी आधी मी खाली यायचं, तो अर्ध्या तासानं, मामा असतील तेव्हा तो बाहेरच्या खोलीत, सणावाराला विषय काढायचा नाही. मला अटी मान्य आहेत. त्याला सकाळचा अर्धा तास जादा झोप मिळते, त्यामुळं त्याची तक्रारच नाही. आम्ही किती नमतं घेतोय यावरून पुण्यातल्या एका मैत्रिणीशी माझा वाद झाला. तिचं म्हणणं, हा दांभिकपणा आहे. असेल. पण माडीची खोली आईची आहे आणि मावशींना दार उघडायलाही तीच जाते.

मावशींना आईनं काय सांगितलं ते मला फार उशिरा कळलं, तेही मावशींकडूनच. “तुमचं ठरलंय म्हणत होत्या वहिनी. तारीख निघायची आहे.” मी आईला विचारलं, कसली तारीख? ती भाजी निवडत म्हणाली, “मी ठरलंय म्हटलं. कधी, ते कुठं म्हटलं?”

आत्याचा प्रश्न मात्र सुटायचा आहे. ती सगळं बघते आणि बोलत काहीच नाही. दिवाळीला धाकटा भाऊ बायको आणि सासू-सासऱ्यांना घेऊन येतोय, त्यामुळं माडी त्यांना जाईल आणि माझा जोडीदार पुन्हा दिवाणावर. आईनं तसं मला फोनवर आधीच सांगून ठेवलंय.