बरगडीखालचा जुना व्रण आणि टमी टक

सिझरच्या व्रणाची काळजी घेऊन कुणी आलं, तर ती काळजी पहिल्या पाच मिनिटांत मिटते. टमी टक म्हणजे पोटावरची जास्तीची सैल कातडी काढून पोट सपाट करायचं ऑपरेशन. ओटीपोटावरचा तो आडवा व्रण त्यात काढून टाकायच्या कातडीतच येतो आणि तिच्याबरोबर जातो. अपेंडिक्सचा उजवीकडचा छोटा व्रणही बहुतेकदा तसाच जातो. सांगलीकडून आलेल्या या ताईंची दोन सिझर झाली होती आणि त्यांना त्याच व्रणाबद्दल विचारायचं होतं. तपासताना पदर बाजूला केला तेव्हा मला दिसला तो दुसराच: उजव्या बरगडीच्या दोन बोटं खालून, तिरका, छातीच्या मध्यापासून कुशीकडे गेलेला. टेप लावली तर १६ सेंमी भरला.

"तो होय मॅडम? तो पित्ताच्या खड्यांचा. धाकट्याच्या वेळचा आहे, वीस वर्षं होऊन गेली. त्याचं काही दुखत नाही."

दुखत नाही हे खरं, पण टमी टकसाठी पोटावरच्या सगळ्या व्रणांत हाच सर्वांत अवघड. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडियांनी केलं, पण ते तंत्र तालुक्याच्या गावी पोचायला बराच काळ गेला. त्यामुळे चाळिशी-पन्नाशीतल्या किती तरी बायकांच्या पोटावर हा तिरका व्रण अजून भेटतो.

त्यांच्यासमोर कागदावर पोट काढलं आणि रक्त कुठून येतं ते दाखवलं. पोटाच्या कातडीला तीन वाटांनी रक्त मिळतं. मधल्या दोन उभ्या स्नायूंमधून लांब रक्तवाहिन्या जातात आणि स्नायू भेदून बारीक फांद्या कातडीला देतात. जांघेकडून काही वर येतात. उरलेल्या दोन्ही कुशींतून, बरगड्यांच्या मधून, तिरक्या खाली उतरतात. १९७९ साली ह्यूगर यांनी याच तीन भागांची मांडणी केली आणि आजही आम्ही तीच डोळ्यांसमोर ठेवतो. नेहमीच्या टमी टकमध्ये कातडी स्नायूंवरून बरगड्यांपर्यंत सोडवतात, म्हणजे मधल्या फांद्या कापल्या जातात. जांघेकडच्या तर पहिल्याच छेदात जातात. खाली ओढलेली कातडी जगते ती फक्त कुशीतून येणाऱ्या रक्तावर.

बरगडीखालच्या छेदाने उजवीकडची नेमकी तीच वाट अडवलेली असते. ताईंचं घर उसाचं, म्हणून मी म्हटलं, "वरचा पाट आधीच फुटलाय आणि आता आपण विहिरीची मोटर पण बंद करणार. मग खालच्या सरीला पाणी कुठून?" त्यांना लगेच कळलं. व्रण आणि खालचे नवे टाके यांच्यामधला उजवा आतला कोपरा काळा पडतो, सुटतो आणि महिनोन्‌महिने ड्रेसिंग करावं लागतं, ते या कारणाने.

उभ्या मधल्या व्रणाचं तसं नाही. तिथे रक्त मध्यरेषा ओलांडत नाही, पण प्रत्येक अर्ध्याला आपल्या कुशीतलं मिळत राहतं. शिवाय त्याच रेषेत जास्तीची कातडी उभी काढता येते. धोका असतो तो खाली दोन रेषा मिळतात त्या टोकाला. बेंबीचा हर्निया पूर्वी शिवलेला असेल तर बेंबीच्या देठाचं रक्त आधीच कमी असतं, तेव्हा तिथे टाके घट्ट घालून चालत नाही.

पुढचा प्रश्न तंबाखूचा. "तंबाखू?" "छे!" "मिश्री?" यावर शेजारी बसलेल्या सासूबाईच बोलल्या, "ती लावती की सकाळ-दुपार. मी पण लावते." मिश्री म्हणजे तंबाखूच. हिरड्यांतून निकोटिन रक्तात जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आवळतात. अशा पोटाचं सगळं भवितव्य बारीक वाहिन्यांवरच अवलंबून असतं. फॉर्मवर 'व्यसन: नाही' असं लिहिलेलं असतं, कारण मिश्रीला कुणी व्यसन मानत नाही. म्हणून नाव घेऊन विचारावंच लागतं. ऑपरेशनआधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद, आणि आधी लघवीत कोटिनिनची, म्हणजे निकोटिनपासून शरीरात बनणाऱ्या पदार्थाची तपासणी, ही अट मी घातली. पहिल्या वेळी तपासणीत निकोटिनचा अंश निघाला. तारीख पुढे ढकलली. त्या नाराज झाल्या, पण बंद केली.

बाकीची तयारी: वजन सहा महिने स्थिर, हिमोग्लोबिन आणि साखर ठीक. उताणं झोपवून डोकं उचलायला लावलं की दोन उभ्या स्नायूंमधली फट हाताला लागते. त्यांची बेंबीच्या वर चार बोटं होती. जुन्या टाक्यांतून हर्निया डोकावत नाही ना, हे बघायला सीटी स्कॅन केला, शिरेतून डाय देऊन. त्यात मधल्या कुठल्या फांद्या शाबूत आहेत तेही दिसतं. उजवीकडे बेंबीच्या वर दोन चांगल्या फांद्या मिळाल्या. त्या वाचवायच्या, हे तिथेच ठरलं.

ऑपरेशनच्या सकाळी उभं करून खुणा केल्या. एरवी छेदाआधी सलाइनमध्ये ॲड्रेनलिन मिसळून कातडीखाली भरपूर सोडतात, त्याने रक्तस्राव कमी होतो. पण कातडी तासन्‌तास पांढरी राहते आणि रंग वाचता येत नाही. म्हणून ते फक्त छेदाच्या रेषेत आणि थोडंच दिलं. बेंबीपर्यंत कातडी नेहमीसारखी सोडवली. त्याच्या वर मात्र मधोमध जेमतेम आठ सेंमी रुंदीचा बोगदा केला, दोन स्नायू शिवून जवळ आणण्यापुरता. दोन्ही फांद्या दिसल्या, काडीएवढ्या जाड, स्नायूतून वर येताना ठोके देणाऱ्या. त्यांच्याभोवती बोटभर चरबी तशीच ठेवली. व्रणाखालच्या भागात लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढणं, अजिबात नाही. 'टमी टकसोबत लायपो' असं पॅकेज सगळीकडे मिळतं, पण असा व्रण असताना त्या कातडीखाली कॅन्युला, म्हणजे चरबी ओढायची ती नळी, फिरवणं म्हणजे उरलेल्या वाहिन्याही तोडणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्नायू शिवून झाल्यावर टेबल कमरेत वाकवलं, कातडी खाली ओढली आणि तात्पुरते टाके घातले. आता थांबायचं. भूलतज्ज्ञांना रक्तदाब नेहमीच्या पातळीवर आणायला सांगितलं, कारण कमी दाबात चांगली कातडीही फिकी दिसते. डावीकडे बोटाने दाबून सोडलं की दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायचा. उजवीकडे, मध्यापासून साधारण चार बोटांवर, तो रेंगाळला. कडेला सुरीने टोचलं तर लालभडक थेंब यायला हवा, तिथे उशिरा आणि काळपट आला. टाके सोडले. कातडी तीन सेंमी वर जाऊ दिली आणि थांबलो. रंग आला, थेंब लाल झाला.

या तीन सेंमींची किंमत आधीच कागदावर सांगून सही घेतलेली होती. बेंबीचं जुनं भोक काढल्या जाणाऱ्या कातडीत येत नाही. ते वरच राहतं आणि तिथे छोटी उभी रेघ शिवावी लागते. खालचा आडवा व्रणही थोडा वर बसतो. ओढून, ताणून सुंदर रेषा मिळाली असती आणि आठवड्याभरात तोच कोपरा काळा पडला असता. आतून कातडी स्नायूला ठिकठिकाणी टाके घालून चिकटवली, म्हणजे ताण वाटला जातो आणि पाणी साठत नाही. आत साठणारं पाणी बाहेर काढायला दोन नळ्या, म्हणजे ड्रेन, ठेवले. २४ तासांत त्यांतून येणारं पाणी ३० मिलीच्या खाली आल्यावर ते काढतात.

नंतरच्या सूचना नेहमीपेक्षा वेगळ्या होत्या. पोटाचा पट्टा सैल, दोन बोटं आरामात जातील एवढा. घट्ट पट्टा नाजूक कातडीचं उरलंसुरलं रक्तही थांबवतो. पहिले आठ-दहा दिवस कमरेत वाकूनच चालायचं, पण त्याच संध्याकाळपासून चालायचं, नाहीतर पायात गुठळी होते. वजन सहा आठवडे उचलायचं नाही. सासूबाईंना वेगळं बसवून सांगितलं ते शेकाचं: गरम पाण्याची पिशवी नाही, विटेचा शेक नाही, शेगडी नाही. बेंबीखालची कातडी कित्येक महिने बधिर असते. भाजतंय हे पेशंटला कळतच नाही आणि कमी रक्ताची कातडी भाजली की भरत नाही. आपल्याकडे मायेने दिलेला शेक असे घाव करतो. कातडी निळसर-जांभळी दिसली, फोड आले, पोटरी दुखली किंवा दम लागला, तर सकाळची वाट न बघता फोन करायचा.

पाचव्या दिवशी उजव्या कडेला नखाएवढा भाग काळसर झाला. कापाकापी न करता मलमपट्टीवर ठेवला. खपली धरली आणि तीनेक आठवड्यांत आपोआप भरून आला. पोट सपाट झालं, पाठीचा ताण कमी झाला असंही ताई म्हणतात. जुन्या व्रणाच्या वर उजवीकडे किंचित फुगवटा राहिला आहे. तिथे थोडं लायपोसक्शन करता येईल, पण सहा महिने उलटल्यावर, तेव्हा कातडीला नवं रक्त बऱ्यापैकी मिळू लागलेलं असेल. ते करायचं की नाही हे ताईंनी अजून ठरवलेलं नाही. मिश्री मात्र दोघींचीही बंद आहे.