'रमतगमत फेरफटका' म्हणे! झुलूलँडच्या युद्धभूमी आणि बिनशिंगी गेंडे

छापील कार्यक्रमपत्रिकेत एवढंच होतं: 'सकाळी इसांडलवाना युद्धभूमीवर रमतगमत फेरफटका.' हा फेरफटका म्हणजे फ्युजिटिव्ह्ज ट्रेल निघाला, लढाईतून पळालेल्यांची वाट. सात-आठ किलोमीटरची वाट, त्यातली निम्मीअधिक दगडधोंड्यांतून. सावली नावालाच. मध्ये एक ओढा, शेवटी घसाऱ्याचा उतार आणि चक्क वाहती नदी पायी ओलांडायची. सह्याद्रीत महिन्याकाठी एखादा गड करणाऱ्याला ही वाट जड नाही. आम्हा चौघांना जमली आणि आवडलीही. पण आमच्याच गटात नाशिकचे एक काका-काकू होते, दोघांचीही साठी उलटलेली. कार्यक्रमपत्रिकेवर विश्वास ठेवून काकू सपाट तळव्याच्या सँडल घालून आल्या होत्या. पहिल्याच घळीत सँडलचा पट्टा तुटला आणि पुढची वाट त्यांनी नाडीने बांधलेल्या सँडलवर काढली. "कंपनीच्या माणसाला म्हणावं, तू एकदा रमतगमत ये इथं," असं त्या नदीपर्यंत घोकत होत्या.

म्हणून हा वृत्तांत. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताळ प्रांतातल्या युद्धभूमी आणि अभयारण्य एकत्र दाखवणाऱ्या सहली आता आपल्याकडेही विकल्या जातात. जाणार असाल तर माझ्या मते त्यातला सगळ्यात मोलाचा भाग हीच वाट आहे. फक्त ती काय आहे हे माहीत असून जा.

ही वाट का चालायची? २२ जानेवारी १८७९ला झुलू राज्यावर चालून आलेल्या इंग्रज सेनापती लॉर्ड चेम्सफर्डच्या फौजेचा तळ इसांडलवाना डोंगराच्या पायथ्याशी होता. खंदक खणला नव्हता, बचावासाठी गाड्यांचं कोंडाळंही केलं नव्हतं. पहाटे चेम्सफर्ड निम्मी फौज घेऊन झुलू कुठे सापडतात ते बघायला निघून गेला. मागे तळावर सतराशेच्या आसपास माणसं राहिली, आणि त्यांच्यावर वीस हजारांच्या घरातलं झुलू सैन्य चालून आलं. झुलूंची व्यूहरचना रेड्याच्या आकाराची असते: छाती समोरून भिडते, दोन शिंगं दोन बाजूंनी वेढा घालतात, कंबर मागे राखीव. यातलं उजवं शिंग डोंगराच्या मागून फिरून रोर्क्स ड्रिफ्ट या नदीकाठच्या इंग्रज ठाण्याकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर येऊन बसलं. हा एकच मुद्दा नीट ध्यानात ठेवा. पळायची सरळ वाट बंद झाली, म्हणून उरलेले लोक खिंडीतून नैऋत्येच्या घळींमध्ये घुसले. तीच ही वाट. संध्याकाळपर्यंत तळावरची तेराशेवर माणसं मारली गेली होती.

हे पुस्तकात वाचून कळत नाही, मैदानात उभं राहूनही कळत नाही. मैदानावर पांढरा चुना दिलेल्या दगडांचे ढीग आहेत, सामूहिक दफनाच्या खुणा. तळाच्या जागी ते दाटीने आहेत. खिंड ओलांडून उतरायला लागलं की दोन ढिगांमधलं अंतर वाढत जातं. सुटले वाटतं, असं मनात येतं न येतं तोच मन्झिम्न्यामा ओढ्यापाशी पुन्हा ढीगच ढीग. लेफ्टनंट ॲन्स्टी आणि त्याच्याबरोबरचे साठेक शिपाई इथे घेरले गेले. आम्ही बाटली काढून पाणी पीत होतो, ते ठिकाण नेमकं हेच. आमचा झुलू गाईड तेव्हा काहीच बोलला नाही, नुसतं बोटाने दाखवत गेला. तोवर तो न थांबता बोलत होता.

ओढ्यानंतर चढ, मग म्झिन्याथी म्हणजे बफेलो नदीकडे उतरणारा तीव्र उतार. कोरफडीची झाडं, बाभळीचे काटे, पायाखाली हलणारे दगड. इथे काकांचा गुडघा बोलायला लागला. एप्रिल अखेर असल्यामुळे पाणी मांडीपर्यंतच होतं. गाईडने आधी स्वतः जाऊन काठीने तळ चाचपला, मग एकेकाला हात धरून नेलं. बूट काढू नका, तळाचे दगड शेवाळलेले आहेत. पलीकडच्या काठाची दरड चढून गेलं की मेलव्हिल आणि कॉगहिल या दोन अधिकाऱ्यांची थडगी लागतात. पलटणीचं निशाण वाचवायला निघालेले; निशाण नदीत वाहून गेलं आणि काही दिवसांनी सापडलं. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचं सर्वोच्च इंग्रज पदक, मिळाला तो १९०७ साली, मरणोत्तर. त्या वेळी ही नदी सरहद्द होती, अलीकडे झुलूलँड, पलीकडे इंग्रजांची नाताळ वसाहत. सरहद्द ओलांडूनही माणसं वाचली नाहीत, हे चढणीवर धापा टाकताना जितकं कळतं तितकं कुठल्याही फलकावरून कळणार नाही.

जानेवारीत, म्हणजे लढाईच्या तारखेच्या आसपास, ही वाट करायचा हट्ट धरू नका. तो तिथला पावसाळा. नदी फुगलेली असते, उकाडा असतो आणि दुपारी विजा पडतात. आदल्या संध्याकाळी गाईडला पाण्याची पातळी विचारा. तो 'नको' म्हणाला तर विषय संपला. गाडी पलीकडच्या काठावर थांबलेली असते, आणि नदी ओलांडता आली नाही तर तिला रोर्क्स ड्रिफ्टकडून कच्च्या रस्त्याने वळसा घालून परत यावं लागतं. आधी ठरवून ठेवलं नसेल तर त्यात अर्धा दिवस जातो. माणशी दोन लिटर पाणी, घोट्यापर्यंतचे बूट, फुल पँट, लांब मोजे.

लांब मोज्यांचं कारण गोचिड्या. पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं असतं आणि त्यात खसखशीएवढ्या बारीक गोचिड्या बसलेल्या असतात. संध्याकाळी मोजे उतरवले तर इलॅस्टिकच्या कडेने ओळीने चिकटलेल्या. चिमट्याने एकेक ओढून काढा, अंघोळ करून अंग नीट तपासा, काखा आणि गुडघ्यामागचा भागही. परतल्यावर आठवड्याभरात ताप, डोकेदुखी आणि अंगावर कुठे काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना दक्षिण आफ्रिकेत गोचीड चावली होती हे आपणहून सांगा. नाहीतर आपल्याकडे मलेरिया-डेंग्यूच्या तपासण्यांतच दिवस जातात. कंपनीच्या चार पानी सूचनापत्रात 'डासांचे मलम आणावे' होतं, गोचीड हा शब्दही नव्हता.

आता पैसे. या वाटेसाठी आमच्याकडून 'परवाना व विशेष गाईड' म्हणून माणशी डॉलरमध्ये पैसे घेतले गेले. गाईडशी गप्पा मारताना त्याला अख्ख्या गटामागे किती मिळतात ते कळलं. ती रक्कम आमच्यातल्या एकाच्या वर्गणीपेक्षा कमी होती! अभयारण्यात तोच प्रकार. फाटकावर परदेशी पाहुण्यांसाठी दरदिवशी संवर्धन शुल्क असतं, ते खरं आणि योग्यही आहे. पण ते पॅकेजमध्ये धरलेलं असताना आमच्याकडून रोख पुन्हा घेतलं. पावती मागितल्यावर चालकाने "ऑफिसला विचारतो" म्हटलं आणि तो परतीच्या विमानापर्यंत विचारतच राहिला. फाटकावर छापील पावती मिळते, स्वतः उतरून घ्या. आणि दर रँडमध्येच, तिथल्या चलनातच मागा. डॉलरमध्ये भाव सांगणारा माणूस मधला फरक खिशात घालतो.

स्पष्टच सांगतो, 'गाईडसह सहल' या शब्दांत गाईड धरायचा नाही, चालक धरायचा. आमचा चालक सज्जन, गाडी उत्तम चालवायचा, पण स्पिऑनकॉपवर (इंग्रज आणि बोअर, म्हणजे डच वंशाचे वसाहतवाले, यांच्या युद्धातली टेकडी) त्याने सांगितलं की गांधीजी इथे इंग्रजांच्या बाजूने लढले. लढले नाहीत! गांधीजींनी हिंदी लोकांचं रुग्णवाहक पथक उभारलं होतं, अकराशेच्या आसपास माणसांचं. त्यातले बरेचसे गिरमिटिये मजूर. कोलेन्सोच्या आणि मग जानेवारी १९००मध्ये स्पिऑनकॉपच्या लढाईतल्या जखमींना डोलीतून वाहून न्यायचं काम त्यांनी केलं, दिवसाला वीस-पंचवीस मैल. वाहून नेलेल्यांत जखमी इंग्रज जनरल वुडगेटही होता. बोअर सेनापती बोथा, चर्चिल आणि गांधी एकाच टेकडीवर, असं सगळेच सांगतात. ऐकायला झकास आहे, पण डोलीवाल्यांचं काम मुख्यतः टेकडीच्या पायथ्यापासून मागच्या इस्पितळांपर्यंतचं, हे लक्षात असू द्या. माथ्यापर्यंत गाडी जाते. वर लांबच लांब खंदक दिसतो तीच इंग्रज सैनिकांची सामूहिक कबर. धुकं असेल तर जाऊ नका. त्या दिवशीही पहाटे धुकंच होतं. म्हणून तर आपण माथ्याच्या चुकीच्या भागात खंदक खणलाय हे इंग्रजांना धुकं विरल्यावर समजलं.

लेडीस्मिथला तासभर पुरे. बोअरांचा वेढा ११८ दिवस चालला. आतल्या सेनापतीचं नाव सर जॉर्ज व्हाइट, आधी हिंदुस्थानचा सरसेनापती होता. मला तिथे खरं आकर्षण होतं ते प्रभुसिंगाचं. बोअरांच्या तोफेचा धूर दिसला की गोळा पडायच्या आत घंटा वाजवून गावाला सावध करणारा गिरमिटिया. सहलीत त्याचा उच्चारही झाला नाही.

रोर्क्स ड्रिफ्ट छोटं आहे, नीट राखलेलं आहे. दीडशे माणसांनी मक्याची पोती आणि बिस्किटांच्या पेट्या रचून तीनेक हजार झुलूंना रात्रभर रोखलं, ११ व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. त्याच दिवशीचा इसांडलवानाचा पराभव झाकायला त्या विजयाचा गवगवा किती उपयोगी पडला असेल, हे ती युद्धभूमी आधी पाहिली तरच सुचतं. म्हणून क्रम उलटा करू नका. बहुतेक गाड्या सोयीसाठी उलटाच करतात. ब्लड रिव्हरला वेळ असेल तर नदीच्या दोन्ही काठांवरची संग्रहालयं बघा. बोअर आणि झुलूंच्या १८३८च्या एकाच लढाईच्या दोन कहाण्या आहेत. फक्त ब्राँझच्या ६४ गाड्यांचा फोटो काढून निघायचं असेल तर तो कच्चा रस्ता अंगाला हिसके देण्यापुरताच आहे.

या भागासाठी माझा सल्ला: पॅकेज घेऊच नका. डंडी गावात मुक्काम करा, तिथून नोंदणीकृत स्थानिक युद्धभूमी गाईड दिवसावर घ्या. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, भाड्याची साधी गाडी पुरते. आंतरराष्ट्रीय परवाना जवळ ठेवा. न्क्वुतू गावाच्या आधी टाकी भरा. अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. रस्त्यावर खड्डे आहेत, शिवाय गाई खुशाल मध्ये बसलेल्या असतात. शाकाहाऱ्यांची डंडीत आबाळ होते, टोस्ट आणि बटाट्याच्या काचऱ्या. काकूंची शेंगदाण्याची चटणी गटात सोन्याच्या भावाने गेली.

ह्लुह्लुवे-इमफोलोझी. १८९५पासूनचं राखीव जंगल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेतले पांढरे गेंडे शंभराच्या आत उरले होते, ते इथे. आज जगात जिथे कुठे हा गेंडा आहे, त्याचे पूर्वज इथून गेलेले. जाहिरातीत लांब शिंगांचा गेंडा होता. आम्ही पाहिलेल्या बहुतेक गेंड्यांचं शिंग कापलेलं होतं, नाकावर नुसता सपाट बुंधा. गटातले काही जण फसवल्यासारखे हळहळले. पण इथे फसवलं आहे ते कंपनीने, उद्यानाने नाही. २०२३ साली दक्षिण आफ्रिकेत ४९९ गेंडे शिकाऱ्यांनी मारले, त्यातले ३०७ एकट्या या उद्यानात. म्हणून २०२४पासून इथे शिंगं कापायला सुरुवात झाली. शिंग नखाच्याच द्रव्याचं, बेशुद्ध करून कापतात, पुन्हा वाढतं. जिवंत गेंडा बिनशिंगी चालेल. फोटोसाठी शिंग हवं असेल त्याने पोस्टकार्ड घ्यावं.

'उघड्या जीपमधून सफारी' हेही तपासून घ्या. आमच्या वाट्याला उघडी जीप एका सकाळी तीन तास आली, उरलेला वेळ काळ्या काचांच्या मिनीबसमध्ये, पुढच्या माणसाच्या टोपीकडे बघत. उद्यानातला मुख्य रस्ता डांबरी आहे, स्वतःच्या गाडीने मजेत फिरता येतं. झाडी दाट आहे. सिंहच बघायचे असतील तर क्रूगर उद्यानाला जा, इथे गेंडे, रानरेडे, हत्ती आणि नशिबात असेल तर रानकुत्रे. उद्यानातल्या हिल्टॉप मुक्कामाला जागा मिळाली तर बाहेरची कुठलीही 'सफारी लॉज' घेऊ नका. मार्च ते ऑक्टोबर फाटकं संध्याकाळी सहाला बंद होतात, उशीर झाला तर कारणं ऐकून घेत नाहीत. सेंट लुसियाला बोटीतून पाणघोडे पाहिले, छान होते.

विमान नैरोबी किंवा आदिस अबाबावरून असेल आणि तिथे बारा तासांहून जास्त थांबा असेल तर पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड घ्या, विमानतळावर तेवढ्यावरून परत पाठवू शकतात. उत्तर झुलूलँडसाठी मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारून निघा. आणि बक्षिसी: कंपनी आधीच 'सर्वांसाठी' म्हणून एक पाकीट गोळा करते. त्यात घालू नका. नदीत ज्याने तुमचा हात धरला त्याच्या हातात द्या, रँडमध्ये, पलीकडच्या काठावर पोचल्यावर लगेच. कारण तो तिथूनच घरी जातो, पुन्हा भेटत नाही.