मोडलेला तुकडा द्या, नवा न्या : आमची वाटचाल

अंबाजोगाईत आम्ही अंगणवाड्यांसाठी लाकडी खेळणी करतो. आमच्या वर्कशॉपच्या पाटीवर फर्मचं नाव बारीक आहे आणि त्याखाली ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘मोडलेला तुकडा द्या, नवा न्या’. हेच वाक्य हल्ली मराठवाड्यात आणखी एका फर्मच्या माहितीपत्रकावर छापलेलं दिसतं. ते मूळचं कुणाचं, हे जुन्या तायांना, म्हणजे अंगणवाडी सेविकांना, चांगलं ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी लिहून ठेवते.

सुरुवात मात्र लाकडापासून होत नाही, दगडांपासून होते. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं. त्यानंतर काही महिन्यांनी मी तिकडच्या पत्र्याच्या शेडमधल्या एका बालवाडीत मदतीला गेले. वय वीस, हातात बडबडगीतांची एक वही. लेकरं गाणी म्हणायचीच नाहीत. शेडच्या मागं जाऊन दगडावर दगड रचायची, वर खापराचं छप्पर ठेवायची, मग एक पोरगं भुईवर हात आपटून ‘हाललं, हाललं’ ओरडायचं आणि सगळी मिळून घरं पाडायची. मग परत रचायची. आठवडाभर मी त्यांना दटावत होते. मोठ्या बाई आल्या, जरा वेळ बघत उभ्या राहिल्या, मग मला म्हणाल्या, “तू कामून थांबवायलीस? बस खाली, तू पण एक घर रच.”

रचलं. पाडताना मला रडू फुटलं, लेकरं हसत होती. पुढं एक दिवस एका पोरीनं आपलं घर पाडू दिलं नाही. “ह्याच्यात आजी झोपलीय,” म्हणाली, आणि दुपारपर्यंत तिथं राखण बसली.

नंतर पूर्वप्राथमिकचा कोर्स केला तेव्हा समजलं की ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945पासून बोर्डीला आणि पुढं कोसबाडला हेच ओळखलेलं होतं. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे वापरले, आणि लेकरं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. आता मीटिंगमध्ये कॅटलॉग उघडून ‘बाहेरच्या देशातलं मटेरियल’ दाखवणारे येतात, त्यांना मी हे ऐकवते. आवडत नाही त्यांना.

लग्न होऊन आले ते सुतारांच्या घरात. मामा, म्हणजे सासरे, तिफणी आणि दारं-खिडक्या करायचे. मागच्या गल्लीत चाचांची खराद होती, म्हणजे लाकूड फिरवून गोल घडवायचं यंत्र. पलंगाचे पाय, पाळण्याचे खांब, रवी, लाटणी हे त्यांचं काम. 2004ला मी त्यांच्याकडं जाऊन म्हणाले, “चाचा, लेकरांना ओवायला मणी पायजेत, पण गिळता येऊ नयेत एवढे मोठे.” चाचा म्हणाले, “बेटी, तू मणी मागतेस का पलंगाची गोंडी?” साठ मणी करून दिले, पैसे घेतले नाहीत. आमची फर्म तिथून धरा.

चाचांच्या खरादीबद्दल सांगायलाच पाहिजे. अर्ध्या एचपीची मोटर, पट्टा जुन्या पिठाच्या गिरणीचा. त्यांचे वडील दोरी आणि कमानीवर खराद चालवायचे, ती कमान अजून भिंतीला टांगलेली आहे. शिवणीच्या लाकडाला गोज, म्हणजे गोल धारेची पटाशी, लावली की कांद्याच्या पापुद्र्यासारखी सलग फीत निघते. फीत तुटत निघाली तर धार गेली किंवा लाकूड ओलं, तिसरं कारण नाही. रंगाला ब्रश नाही. लाखेची कांडी फिरत्या मण्यावर टेकवायची, घासण्याच्या उष्णतेनंच लाख वितळून चढते, वरून सुती चिंधी दाबली की चकाकी येते. पिवळ्याला हळद. आणि प्रत्येक चाकाच्या, प्रत्येक मण्याच्या बुडाशी चाचा पटाशीच्या कोपऱ्यानं केसाएवढी एक रेघ मारतात. ही रेघ लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पहिल्या वर्षी मी शहाणपणा केला. शिवण महाग पडते म्हणून वखारीतून कडुलिंब उचलला, तोही ओला. मे महिन्यात चाळीस संचांतले मणी फुटाण्यासारखे तडकले. सगळे परत घेतले, मंगळसूत्राच्या वाट्या तेवढ्या राहिल्या, पोत गेली. नव्यानं या धंद्यात येणाऱ्यांनी कुणी विचारलं नाही तरी ऐकावं: लाकडाला हात लावून वाळलं का ते कळत नाही. एक फळी तोला, तिच्यावर वजन आणि तारीख लिहा, पंधरा दिवसांनी परत तोला. वजन उतरायचं थांबलं की मगच करवत लावा.

आमचा संच ठरला तो असा: ठोकळे चोवीस, मणी साठ, गाड्या चार, भोकांची एक फळी आणि तिच्या खुंट्या. तीन ते सहा वर्षांच्या लेकरांसाठी. अंगणवाड्यांना विकायला लागलो. सहा महिन्यांनी सहज एका केंद्रावर डोकावले तर पेटी कपाटावर, पेटीला कुलूप, कुलपाला उद्घाटनाचं हळदी-कुंकू वाळलेलं. ताई म्हणाल्या, “डेडस्टॉकला, सरकारी सामानाच्या रजिस्टरला, चढलाय ना संच. एक चाक गेलं तर साहेब मलाच विचारतील.”

मी त्या ताईंना दोष देत नाही. 2 ऑक्टोबर 1975ला अंगणवाड्यांची ही एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली ती सहा सेवा घेऊन. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार-आरोग्य शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण. खेळ त्या सहाव्याच्या पोटात. वजनकाटा, खिचडी, रजिस्टरं आणि आता मोबाइलमधला ट्रॅकर एवढं उरकून एका बाईला पेटी उघडायची असते, आणि उघडली तर मोडल्याची भरपाई तिच्याच बोकांडी बसायची भीती.

मग आल्या धारूरच्या घाटापलीकडच्या एक ताई. एसटीनं आल्या, वर्कशॉपच्या दारात उभं राहून पदराची गाठ सोडली, आत लाल चाकाचे दोन तुकडे. म्हणाल्या, “लेकरांनी मोडलंय. किती पैसे होतील तेवढे सांगा, साहेबांपर्यंत जाऊ देऊ नका.” चाचांनी काही न बोलता मोटर चालू केली. चार-पाच मिनिटांत चाक उतरलं, लाख चढली, रेघ मारली, कोमट चाक त्यांच्या हातावर ठेवलं. पैसे घेईनात. ताईंनी चाक उलटंसुलटं बघितलं आणि म्हणाल्या, “अशी सोय असंल तर मी कुलूपच काढते.”

पाटीवरचं वाक्य त्या दिवशीचं आहे. त्यानंतर दर दोन महिन्यांनी त्या यायच्या, पदरात अकरा गावांचे मोडके तुकडे. प्रत्येक तुकडा कुठल्या गावचा ते त्यांना तोंडपाठ. आमची जाहिरात म्हणजे तो पदर.

प्रशिक्षणही त्यांनीच बदलायला लावलं. आधी मी फळ्यावर सूक्ष्म स्नायू, स्थूल स्नायू असं लिहायचे आणि ताया उतरवून घ्यायच्या. त्या म्हणाल्या, “ओ ताई, आम्हालाच खेळू द्या की.” तेव्हापासून पहिला तास ताया जमिनीवर बसून खेळतात. आधी लाजतात, मग ठोकळ्यांवरून भांडतात. एका जुन्या ताईंनी चौकाचा वाडा रचला आणि पर्यवेक्षिका मॅडमना हात लावू दिला नाही. दुपारी बिट्ट्या, सागरगोटे निघतात. ज्या केंद्राच्या ताई अशा खेळून गेल्या त्यांच्याकडचे तुकडे जास्त मोडतात, हा माझा हिशोब आहे. परत आलेले तुकडे मी वहीत लिहिते. जिथून वर्षभर एकही तुकडा येत नाही तिथं मी स्वतः जाऊन बघते.

दिवाळी झाली की आमच्या भागातल्या टोळ्या कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. काही लेकरं आई-बापासोबत फडावर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहतात, काही गावात आजीकडं. त्यांच्यासाठी बारा तुकड्यांची कापडी पिशवी केली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उशाला येईल एवढी. सूचनेच्या कार्डावर अक्षर नाही, नुसती चित्रं. गावात आज्यांची बैठक घेतली तर सगळ्या म्हणाल्या, “आम्हाला काय येतंय माय.” मी मूठभर चिंचोके टाकले. पाच मिनिटांत एक आजी फरशीला घासून चिंचोके फोडत होती, दुसरी खडूनं पट आखत होती, नातू मध्ये बसून दान मोजत होता.

2009 ते 2016 काम चालू होतं. ऑर्डरी येत होत्या, देत होतो.

आता त्या दुसऱ्या फर्मवाल्या पोराचं. आमच्याकडं चार वर्षं होता. हुशार, हाताला वळण, घरच्यासारखा. पाटावर आमच्या मुलांच्या पंगतीत जेवायचा. आमचे हे त्याला हिशोब शिकवायचे, मी संचाची मापं समजावून सांगायची. 2017च्या दिवाळीला बोनस घेतला, मला वाकून नमस्कार केला आणि भाऊबीजेनंतर आला नाही. दुसऱ्या वर्षी एक मोठं टेंडर निघालं. आम्ही 2,350 रुपये दर भरला, त्यात ताईंचं एक दिवसाचं प्रशिक्षण आणि वर्षभर तुकडे बदलून देणं. त्याचा दर 1,490. एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दराचा, तो.

तेही मानलं असतं. पण नमुने मांडले होते त्या खोलीत मी गेले, त्याच्या टेबलावरची गाडी हातात घेतली, चाक उलटं केलं. बुडाशी केसाएवढी रेघ. चाचांची रेघ! आमचाच संच वरून निळा रंग मारून नमुना म्हणून ठेवलेला. मी तिथल्या साहेबांना रेघ दाखवली. ते म्हणाले, “बाई, रेघ कुणाच्याही चाकावर असू शकते.” मी चाक हातातच धरून बाहेर आले. ते अजून माझ्याकडं आहे, चोरलं म्हणायचं तर म्हणा.

चूक आमचीही झाली. काम मिळणारच म्हणून लाकूड आधीच भरून ठेवलं होतं, पतसंस्थेचं तीन लाखांचं कर्ज घरावर. मामांचा बँडसॉ विकला. दोन कारागीर कमी केले, त्यातला एक माझ्याशी अजून बोलत नाही. आमचे हे लातूरला एका फर्निचरवाल्याकडं रोजानं जायला लागले, पंचेचाळिसाव्या वर्षी. मामा ओसरीवर बसून रिकाम्या जागेकडं बघायचे, जिथं बँडसॉ होता. चाचांनी पाच महिने पगार घेतला नाही. रात्री लाटणी उतरवायचे, म्हणायचे, “मोटर बंद राहिली की जाम होते.” मोटर जाम होत नसते हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

तारलं ते तायांनी. धारूरच्या ताईंनी आपल्या बीटमध्ये, म्हणजे एका पर्यवेक्षिकेखालच्या अंगणवाड्यांत, सांगितलं, बचत गटातून पैसे उभे केले आणि कुठल्याही टेंडरशिवाय एकतीस पिशव्यांची ऑर्डर आली. दहा-दहाच्या नोटा मोजायला अर्धा तास लागला. त्या पैशांत लाख आणि दोन महिन्यांचे हप्ते निघाले. टेंडरच्या भरवशावर लाकूड भरू नका, हे आता मी फुकट सांगते, मला महाग पडलंय.

2020ला केंद्रं बंद झाली तेव्हा ताया घरोघर आहार द्यायला जायच्या, आमच्या पिशव्या त्यांच्यासोबत गेल्या, म्हणून तगलो. लगेच 1 जानेवारी 2021पासून खेळण्यांना आयएसआय सक्तीचं झालं. नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. त्यातली तीन वर्षांखालच्या लेकरांसाठीची नळी तर मला फार आवडली. 31.7 मिलिमीटर व्यासाची. जो तुकडा तिच्यात पूर्ण मावतो तो लेकराच्या घशात जाऊ शकतो, बाद. चाचांनी 2004ला केलेले मणी त्या नळीत घालून बघितले. एकही गेला नाही. चाचा दिवसभर नळी खिशात घेऊन गल्लीत दाखवत फिरले.

पण परवाना, तपासण्या, त्याची फी हे आमच्या आवाक्याबाहेर होतं, आणि एका सल्लागारानं अर्धे पैसे घेऊन फोन उचलणं बंद केलं. हस्तकला विकास आयुक्तांकडं नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः करून विकलेल्या वस्तूंना या नियमातून सूट आहे हे कळायला आम्हाला चार महिने लागले. चाचांची नोंदणी केली. मधल्या काळात खरादीच्या मालाचं बिल चाचांच्या नावावर निघायचं. पहिलं बिलबुक छापून आलं तेव्हा चाचांनी त्याला अत्तर लावलं. ठोकळ्या-फळ्यांचा परवाना पुढं घेतला.

आता दिवस बरे आहेत. 2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा आला, 2022ला त्याचा आराखडा आला, 2023ला दिल्लीहून ‘जादुई पिटारा’ ही खेळसाहित्याची पेटी निघाली, आणि ज्यांनी आम्हाला ‘खेळणीवाले’ म्हणून बाहेर बसवलं होतं त्यांचे फोन यायला लागले. जाते मी. पण आधी विचारते, ताईंना खेळायला एक तास देणार का? नाही म्हणाले तर दर सांगत नाही.

त्या पोराच्या गाड्या पुष्कळ केंद्रांवर गेल्या. आमच्या गाडीचा आस आठ एमएमचा, त्यानं पैसे वाचवायला सहाचा घातला. वर्षात चाकं निघायला लागली. माहितीपत्रकावर वाक्य आहे, पण तुकडे घेऊन गेलेल्या ताईंना तिथं कुणी ओळख दाखवत नाही. मग त्या आमच्याकडं येतात, पदराची गाठ सोडतात, आणि चाचा चाक उलटं करून बघतात. रेघ नसली की मला हाक मारतात. त्यांनी फळीवर सहा एमएम भोकाच्या चाकांचा वेगळा डबा भरून ठेवलाय. त्यातलं एक चाक पंधरा रुपये. ताईंना पावती देतो, आणि पावतीवर ‘दुसऱ्या कंपनीचा माल’ असं मी स्वतः लिहिते.