मुक्काम पोस्ट फोर्ट

आमच्यात एकमेकींना नावानं हाक मारायची पद्धतच नव्हती. डोंबिवली फास्टच्या लेडीज डब्यात आम्ही चौघी म्हणजे आपापल्या ऑफिसवरून पोस्ट, विमा, पोर्ट आणि बँक. बँक म्हणजे मी. एकवीस वर्षं एकाच डब्यातून व्हीटीला गेलो. १९९६ मध्ये त्याचं सीएसटी झालं, २०१७ मध्ये सीएसएमटी, पण आमच्या तोंडी अजून व्हीटीच. पोर्टच्या लेकीचं केळवण त्या डब्यात झालं, दसऱ्याला आम्ही त्याला झेंडूची तोरणं बांधली, आणि माझ्या घरातली निम्मी मेथी मुलुंड ते डोंबिवलीच्या मध्ये निवडलेली असायची. गाडी व्हीटीला लागली की मात्र चौघी चार दिशांना. संध्याकाळी पुन्हा त्याच डब्यात भेट.

आता चौघीही रिटायर. पोस्ट लेकीकडे पुण्याला, विमा नाशिकला, पोर्ट आणि मी डोंबिवलीतच. कुठेतरी जाऊ या, असं दोन वर्षं नुसतं चाललं होतं. लोणावळा झालं, अलिबाग झालं, कुणाचा गुडघा, कुणाची नातवंडं. शेवटी विमाच म्हणाली, "अगं, फोर्टातच एक रात्र राहू या की." घरी सांगितलं तर मुलगा हसायलाच लागला. "आई, डोंबिवलीहून मुंबईला मुक्कामाला कोण जातं?" त्याचं खरं होतं. पण इतक्या वर्षांत मी फोर्टात रात्री नऊनंतर कधी थांबले असेन तर शप्पथ.

शनिवारी सकाळी डेक्कन क्वीननं पोस्ट आली, थोड्या वेळानं पंचवटीनं विमा. आम्ही दोघी लोकलनं आधीच पोचून इंडिकेटरखाली उभ्या. विमा उतरल्या उतरल्या म्हणाली, "बसायला मिळालं का गं?" आमच्यात 'कशी आहेस' असं कुणी विचारत नाही.

हॉटेलबद्दल फार लिहीत नाही. फोनवर चार पलंग म्हणाले होते, प्रत्यक्षात तीन निघाले, आणि खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे एसी दिसत होते. "फिरायला आलोय, खोली बघायला नाही," म्हणून पोर्टनं विषय संपवला.

दुपारी ओव्हलवर गेलो. मैदानाच्या एका अंगाला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, सगळं टोकदार कमानींचं दगडी काम. दुसऱ्या अंगाला गोलसर बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारती. २०१८ मध्ये युनेस्कोनं हा सगळा ऐवज जागतिक वारशात घेतला, हे मी पेपरात वाचलं होतं. पण मधे उभं राहून एकदा इकडे आणि एकदा तिकडे मान वळवायला मला साठी उलटावी लागली. माझी बँक इथून सात मिनिटांवर होती.

खरी गंमत संध्याकाळी झाली. हॉर्निमन सर्कलजवळ चहा घेतला आणि गप्पा मारत निघालो. कुठे जायचं ते काही ठरलं नव्हतं. दहा मिनिटांनी पोस्ट एकदम थांबली. "अगं, आपण कुठे चाललोय?" बघतो तर व्हीटी समोर! चौघींचे पाय आपोआप स्टेशनकडे वळले होते. पोर्ट तर घड्याळ बघून म्हणालीसुद्धा, "पाच चाळीस गेली."

मग आलोच आहोत तर समोरच्या फुटपाथवर उभ्या राहिलो. लोंढा आत चालला होता आणि आम्ही पहिल्यांदाच त्यात नव्हतो. रोज सबवेतून वर आलो आणि सबवेतून खाली गेलो, त्यामुळे ही इमारत समोरून आम्ही अशी कधी पाहिलीच नव्हती. १८८८ साली पूर्ण झालेली. फाटकावर एकीकडे सिंह आणि एकीकडे वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. मधल्या घुमटावर एका बाईचा पुतळा आहे, प्रगतीचा म्हणतात. उजव्या हातात मशाल, डावा हात चाकावर. विमा डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बिचारी. तिलाही बसायला मिळालेलं नाही." हसून हसून पोस्टच्या डोळ्यांत पाणी आलं. बाजूच्या मोठ्या पोस्टाचा, जीपीओचा घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून बेतलाय. त्याच्याखाली तिनं अठ्ठावीस वर्षं काढली, तर मी विचारलं, आतून कसा दिसतो गं? "वर बघायला वेळ कुणाला होता? खाली माणसं पावतीसाठी ओरडत असायची."

रात्री जेवून मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर. साडेअकरा झाले तरी कुणी उठेना. तिथं विषय निघाला २६ जुलै २००५ चा, कारण चौघींनी एकत्र काढलेली याआधीची रात्र ती एकच. गाडी सायनच्या पुढे जी थांबली ती थांबलीच. लाइट गेले, खाली रुळांवर पाणी चढत होतं. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, हे नंतर कळलं. आख्ख्या डब्यात खायला बिस्किटांचा एक पुडा होता. तो पुडा कुणाचा, यावर पोर्ट आणि विमाचं तिथं कट्ट्यावर चांगलंच वाजलं. पोर्ट म्हणे माझ्या पर्समधला, विमा म्हणे मी ऑफिसच्या कँटीनमधून घेतलेला. मला एवढंच आठवतं की माझ्या वाट्याला अडीच बिस्किटं आली, आणि उरलेलं अर्धं पोस्टनं एका गरोदर मुलीला दिलं. पोस्ट म्हणते, अर्धं नाही, आख्खं.

खोलीवर आलो तेव्हा दीड वाजला होता. तीन पलंग जोडले आणि चौघी आडव्या झालो. कडेला मी, लोकलमधल्या तिघींच्या बाकावर टेकलेल्या चौथीसारखी. अर्धी पलंगावर, अर्धी हवेत, एक पाय जमिनीला टेकवून. अंधारात पोर्टचा आवाज आला, "बँक, चौथी सीट मिळाली ना? मग गप झोप." पलीकडून विमा म्हणाली, "जरा सरका गं आत." आणि खरंच सगळ्या दोन-दोन बोटं सरकल्या.

रविवारी सकाळी पोर्ट आम्हाला तिच्या बॅलार्ड इस्टेटमध्ये घेऊन गेली. गोदी खणताना निघालेली माती आणि दगड समुद्रात टाकून ही जमीन केली, हे तिनं तीनदा सांगितलं, जणू हिनंच टोपल्या वाहिल्या. एरवी तिथं गाड्या लावायला जागा नसते. रविवारी रस्ते मोकळे आणि कोपऱ्याकोपऱ्यावर क्रिकेट. तिच्या ऑफिसच्या अगदी दारात पोरांनी स्टंप म्हणून प्लास्टिकचा क्रेट ठेवला होता. बॉल घरंगळत तिच्या पायाशी आला. "आंटी, बॉल!" हिनं पदर खोचला आणि असा काही फेकला की तो समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्याच्या सज्जात गेला. वॉचमन शोधेपर्यंत खेळ बंद. आम्ही मान खाली घालून तिथून सटकलो ते थेट धोबी तलावला, १९०४ पासूनच्या कयानीत, बन मस्का आणि चहावर.

निघताना मात्र जीवावर आलं. पूर्वी चौघी एका गाडीत चढायचो. आता पाच दहाच्या डेक्कन क्वीननं पोस्ट गेली, तासाभरानं पंचवटीनं विमा. राहिलो पोर्ट आणि मी. रविवारचा मेगाब्लॉक संपला होता तरी गाड्या उशिरानंच. डब्यात चक्क खिडकी मिळाली. पोर्ट दादर यायच्या आत घोरायला लागली.

घाटकोपर आलं तशी मी उठून उभी राहिले. अर्ध्या वाटेत उठायचं, उभ्या असलेलीला बसू द्यायचं, हा आमच्या डब्याचा नियम. समोरची मुलगी मोबाइलमधून मान वर करून माझ्याकडे बघत राहिली.

"काकू, बसा ना. जागा आहे की."