ड्रुइडने गटात नेमके काय व्हावे?

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात पाच जणांच्या गटाची रचना ठरलेली असते: शत्रूचे घाव स्वतःच्या अंगावर घेणारा एक टँक, सर्वांना जिवंत ठेवणारा एक हीलर आणि शत्रूला पाडणारे तिघे. मेज (जादूगार), रोग (लपूनछपून वार करणारा) किंवा हंटर (शिकारी) हे क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, खेळणाऱ्याला तू काय करणार असे कोणी विचारत नाही, कारण त्याच्याकडे उत्तर एकच असते. ड्रुइड (अस्वल होऊन टँक, मांजर होऊन डॅमेज म्हणजे हल्ला आणि मूळ रूपात उपचार करणारा), पॅलाडिन आणि शमन या हायब्रिड, म्हणजे एकाहून अधिक भूमिका करू शकणाऱ्या, क्लासना मात्र हा प्रश्न पहिल्या डंजनपासून (पाच जणांची मोहीम) शेवटच्या रेडपर्यंत (मोठ्या गटाची मोहीम) सुटत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये क्लासिक, म्हणजे खेळाची जुन्या मूळ रूपातली, आवृत्ती सुरू झाली तेव्हा मी नाइट एल्फ ड्रुइड घेतला आणि पुढची दोन वर्षे हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्यासमोर येत राहिला. त्यावर माझे जे मत बनले आहे, ते इथे मांडतो आहे.

गटात जी जागा रिकामी असेल ती हायब्रिडने भरावी, असा एक सर्वमान्य समज आहे. तो ऐकायला अगदी योग्य वाटतो आणि मीही तो मनापासून मानत होतो. आमच्या गिल्डला (खेळाडूंच्या कायमच्या संघाला) हीलर कमी पडत होते, म्हणून मी हीलर झालो. युरोपातील सर्व्हरवर तिथल्या संध्याकाळी आठला रेड सुरू झाली की पुण्यात उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा वाजलेले असत. त्या वेळेला बसून मी मोल्टन कोअर या रेडमध्ये चाळीस जणांच्या आरोग्यपट्ट्या पाहत असे. त्या काळच्या नियमांनुसार एका व्यक्तीवर एकाच ड्रुइडचे रेजुव्हनेशन (हळूहळू आरोग्य भरणारा मंत्र) टिकत असे. दुसऱ्या ड्रुइडने अधिक ताकदीचे रेजुव्हनेशन आधीच टाकलेले असेल, तर माझे लागतच नसे. त्यामुळे आमच्या क्लासचे खास म्हणावे असे हत्यार बाजूला पडे आणि मी बहुतेक वेळ हीलिंग टच हा एकच मंत्र म्हणत राही. तिथला शेवटचा बॉस, म्हणजे प्रमुख शत्रू, रॅग्नारोस पहिल्यांदा पडला तेव्हा सगळे जल्लोष करत होते आणि माझ्या लक्षात आले की त्या संपूर्ण लढाईत मी त्याच्याकडे एकदाही पाहिलेले नव्हते.

हे काम कमी प्रतीचे होते असे मला अजिबात म्हणायचे नाही. उत्तम ड्रुइड हीलर मी पाहिले आहेत आणि त्यांना त्या पट्ट्यांमध्येच संपूर्ण लढाई दिसते. मला ती दिसत नव्हती. दोघांचे आरोग्य एकाच वेळी कोसळले की कोणाला वाचवावे हे मला वेळेत ठरवता येत नसे, आणि त्या अर्ध्या सेकंदाच्या घोटाळ्यात अनेकदा दोघेही जात. गटाची गरज भागवण्यासाठी मी जागा भरली होती खरी, पण गटाला मिळाला होता तो एक कच्चा हीलर.

भूमिका बदलणेही त्या काळी सोपे नव्हते. साठाव्या लेव्हलला भूमिकेनुसार कौशल्ये वाढवणारे एकूण 51 टॅलेंट पॉइंट मिळत आणि ते मोडून पुन्हा वाटायचे तर ट्रेनरला पैसे मोजावे लागत. पहिल्यांदा एक गोल्ड, मग पाच, मग दहा, असे वाढत वाढत 50 गोल्डपर्यंत. शनिवारी डंजनसाठी फेरल (प्राणीरूपांची टॅलेंटशाखा) आणि बुधवारी रेडसाठी रेस्टोरेशन (उपचाराची शाखा) असे करणाऱ्याचा सगळा आठवडा वनस्पती गोळा करून विकण्यात जाई. दोन टॅलेंटरचना बाळगण्याची सोय मूळ खेळात 2009 च्या एप्रिलमध्ये, 3.1 या पॅचमध्ये आली आणि तिची किंमत एक हजार गोल्ड होती. त्या एका सोयीने हायब्रिड खेळणाऱ्यांचे जेवढे भले झाले, तेवढे दुसऱ्या कोणत्याही बदलाने झाले नसावे असे मला वाटते. तरीही चिलखताचा प्रश्न उरतोच. लढाई सुरू असताना शस्त्र बदलता येते, अंगावरचे चिलखत बदलता येत नाही. म्हणजे मांजराच्या पोशाखात लढाईत उतरलेला ड्रुइड अस्वल झाला, तरी त्याची कातडी मांजराच्या हिशोबानेच बेतलेली असते.

माझे मत बदलले ते स्ट्रॅथहोम या डंजनमधल्या एका फेरीत. तिथला शेवटचा बॉस बॅरन रिव्हेंडेअर याला 45 मिनिटांच्या आत गाठून कैदेतल्या यसिडाला सोडवायचे, अशी ती मोहीम होती. टँक वॉरियर होता, हीलर प्रीस्ट होता आणि मी मांजराच्या रूपात डॅमेजला होतो. त्याच्या आधीचा बॉस रॅमस्टाइन पडल्यावर अंगणात मृतांचा लोंढा सुटतो. त्यांतले बरेचसे वॉरियरच्या हातून निसटून सरळ प्रीस्टवर धावले आणि तो पडला. अशा वेळी ड्रुइडकडे जे असते ते क्लासिक आवृत्तीत दुसऱ्या कोणत्याही क्लासकडे नसते: रीबर्थ, म्हणजे लढाई सुरू असतानाच मेलेल्याला उठवण्याची शक्ती, अर्ध्या तासातून एकदा. मी मांजराचे रूप टाकले, प्रीस्टवर क्लिक केले आणि रीबर्थचे बटण दाबले. पडद्यावर लाल अक्षरांत सूचना आली की आयर्नवुडचे बी नाही. रीबर्थसाठी लागणारे हे बी कोणत्याही मोठ्या गावातल्या दुकानात अगदी थोड्या पैशांत मिळते. मी ते घेतले नव्हते, कारण त्या दिवशी मी डॅमेजला होतो आणि कोणाला उठवणे हे माझे काम आहे असे माझ्या मनातच नव्हते. आम्ही पाचही जण मेलो, स्मशानातून धावत परत आलो, तोवर वेळ संपला होता. प्रीस्ट मला काहीही बोलला नाही. त्या रात्री झोपताना मला ती लाल अक्षरे दिसत होती.

त्यानंतर मी भूमिकेचा विचार वेगळ्या रीतीने करू लागलो. तिन्ही भूमिकांतल्या चुका सारख्या नसतात. टँकची चूक सगळ्यांना दिसते आणि बहुधा सगळ्यांना मारते. हीलरची चूक एकाच्या मरणातून दिसते, आणि बऱ्याचदा तो माणूस स्वतःच आगीत उभा होता तरी बोल हीलरला लागतो. डॅमेज करणाऱ्याची चूक आकड्यांत मुरून जाते. लढाई थोडी लांबते, एवढेच. हायब्रिड खेळणाऱ्याने आपल्याला काय काय जमते याची यादी करण्यापेक्षा, यांतली कोणती चूक झाल्यावर आपण खचून न जाता पुढच्या प्रयत्नाला अधिक नीट उभे राहतो, हे स्वतःला विचारावे असे मला वाटते. हीलर म्हणून चुकल्यावर मी पुढच्या लढाईत घाबरत असे. टँक म्हणून चुकल्यावर मात्र मला लगेच समजत असे की मी बॉसला दोन पावले उशिरा वळवले, आणि पुढच्या वेळी मी ती दोन पावले आधी टाकत असे.

म्हणून जून 2021 मध्ये बर्निंग क्रुसेड या विस्ताराची क्लासिक आवृत्ती आली तेव्हा मी गिल्डप्रमुखाला आधीच सांगितले की मी अस्वल होणार, टँकची गरज नसेल तिथे मांजर होणार आणि उपचार करणार नाही. ही निवड त्या आवृत्तीत हिशोबानेही पक्की होती. बॉसचा क्रिटिकल, म्हणजे नेहमीपेक्षा जबर, घाव टाळण्यासाठी इतर टँकना 490 डिफेन्स (बचावाचे गुण) जमवावे लागे. ड्रुइडला सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट या टॅलेंटमुळे 415 पुरत असे. शिवाय अस्वल आणि मांजर या दोन्ही रूपांना लागणारे टॅलेंट एकाच फेरल शाखेत आहेत. कारझान या रेडमध्ये दहाच जण जातात. काही बॉसना दोन टँक लागतात, काहींना एकच पुरतो. जिथे दुसऱ्या टँकची गरज नसते तिथे वॉरियर टँक बराचसा वाया जातो. ड्रुइड मात्र दोन लढायांच्या मध्ये कपडे बदलून मांजर होतो आणि कामाला लागतो. हायब्रिडला ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ म्हणणाऱ्यांनी कारझानमधला चांगला फेरल ड्रुइड पाहिलेला नसतो.

सगळ्याच हायब्रिडना हे भाग्य लाभले नाही, हेही सांगायला हवे. मूळ खेळातल्या पॅलाडिनकडे शत्रूचे लक्ष स्वतःकडे खेचणारे टाँट नव्हतेच. टँक व्हायची इच्छा असलेल्याला रेडमध्ये अखेर उपचारालाच बसावे लागे. अशा वेळी इच्छेला फारसा अर्थ उरत नाही आणि त्या खेळाडूंची तक्रार मला पूर्णपणे रास्त वाटते. फायनल फँटसी 14 या दुसऱ्या ऑनलाइन खेळाने यावर वेगळा मार्ग काढला: एकच पात्र सगळे जॉब (तिथले क्लास) शिकू शकते आणि हातातले शस्त्र बदलले की जॉब बदलतो. तिथे भूमिका बदलणे सोपे आहे, पण लढाईच्या मधोमध अस्वलाचे मांजर होण्याचा जो थरार ड्रुइडला मिळतो, तो तिथे मला मिळाला नाही.

आपोआप गट जुळवून देणाऱ्या डंजन फाइंडरमध्ये तीन भूमिकांच्या तीन चौकटी असतात. डिसेंबर 2009 मध्ये ही सोय आली तेव्हापासून अनेक ड्रुइड तिन्हींवर खूण करतात, कारण टँक आणि हीलर यांना रांगेत फारसे थांबावे लागत नाही. मी तसे करत नाही. ज्या कामासाठी चिलखत आणि सराव दोन्ही नाहीत त्यावर खूण करणे म्हणजे चार अनोळखी लोकांचा वेळ पणाला लावणे. लुटीच्या वाटपाबाबतही मी आधीच बोलून घेतो: टँकच्या वस्तूंवर माझा पहिला हक्क, मांजराच्या वस्तूंवर रोगची मागणी झाल्यानंतरच माझी. हे सुरुवातीलाच सांगितले की नंतर कोणाच्या मनात किंतु राहत नाही. आणि टँक असलो, मांजर असलो, तरी पिशवीत आयर्नवुडच्या बिया असतात, प्रत्येक फेरीला निदान पाच.