‘या वयात कशाला?’ तुम्ही विचारलंत म्हणून

ठाण्याच्या कचराळी तलावाला सकाळी फेऱ्या मारताना हमखास कुणीतरी विचारतं, "काकू, सत्तरी आली, गुडघे कुरकुरतात, तरी महापालिकेच्या शाळेत पोरांचं वाचन घ्यायला कशाला जाता? काही मिळतं का?" परवा तुम्हीही विचारलंत. चालता चालता नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

पैसे मिळत नाहीत. शुगरही उतरलेली नाही, गोळी चालूच आहे. हे आधी सांगते, कारण ‘सेवा करा, रोग पळवा’ छाप मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या सुमारे १३,००० लोकांवरचा एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. वर्षाला निदान १०० तास, म्हणजे आठवड्याला जेमतेम दोन तास, लोकांसाठी राबणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका कमी दिसला, एकटेपणा आणि निराशाही कमी. मधुमेह, रक्तदाब, संधिवात यांत मात्र फरक नाही.

आता तुम्ही म्हणाल, मुळात धडधाकट माणूसच घराबाहेर पडतो. रास्त शंका आहे. म्हणून मला अमेरिकेतल्याच बाल्टिमोर शहरातला प्रयोग जास्त पटतो. तिथे साठीपुढच्या इच्छुकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एक गट आठवड्याला पंधरा तास प्राथमिक शाळेत मुलांना शिकवायला जाई, दुसरा नाही. दोन वर्षांनी काहींच्या मेंदूचे स्कॅन तपासले. वयाबरोबर आक्रसत जाणारा, स्मरणशक्तीशी निगडित भाग शाळेत जाणाऱ्यांमध्ये आक्रसला नव्हता. विशेषतः पुरुषांमध्ये.

त्यात जादू काही नाही. आमचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे जिने आले. पोरांची नावं लक्षात ठेवायची, कालचा धडा कुठे थांबला ते आठवायचं. तिसरीतली एक मुलगी ओळीखाली बोट इतकं दाबून धरते की नख पांढरं पडतं, आणि जोडाक्षर आलं की पुस्तकाऐवजी माझ्या ओठांकडे बघते. म्हणून मी तोंडावर हात धरून बसते. त्या तासात गुडघा दुखतोय हे आठवायला सवडच नसते. एखाद्या दिवशी दांडी मारली की दुसऱ्या दिवशी दारातच झडती: "बाई, काल कुठे होतात?" सेवानिवृत्तीनंतर हा प्रश्न मला कुणी विचारत नव्हतं.

एक गंमत सांगते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या ज्येष्ठांच्या अभ्यासात (२०१२) असं दिसलं, की दुसऱ्यांसाठी म्हणून काम करणारे पुढच्या काही वर्षांत कमी दगावले. ‘मला फायदा व्हावा’ म्हणून करणाऱ्यांचं प्रमाण मात्र काहीच न करणाऱ्यांइतकंच. तेव्हा आयुष्य वाढावं म्हणून येणार असाल, तर राहूच द्या.

पण तुमच्या मिस्टरांचं गणित चांगलं आहे असं तुम्हीच म्हणालात, आणि ते दिवसभर बातम्यांसमोर बसतात असंही. चौथीच्या पोरांना भागाकार शिकवायला आम्हाला माणूस हवाच आहे. बुधवारी पाठवून द्या. डबा देऊ नका, शाळेसमोर वडापाव बरा मिळतो.